तिसरं बटण

१

अप्पा मेले तेव्हा त्यांना लावलेलं श्वासयंत्र हसत होतं.

यंत्राच्या पडद्यावर एक हिरवा गोल चेहरा असायचा. सगळं ठीक असलं की तो हसायचा, काही बिघडलं की तोंड वाकडं करायचा. कल्पना खुद्द अप्पांची. आकड्यांना पेशंट घाबरतो, हसऱ्या तोंडाला घाबरत नाही, असं ते म्हणायचे. त्या दुपारी त्यांची बायको चहा घेऊन खोलीत आली, तेव्हा पंप बंद होता, अप्पा निळे पडले होते आणि चेहरा हसत होता. तिनं आधी चहा टेबलावर ठेवला, मग किंचाळली. कप फुटायला नको होता, असं तिनं नंतर फौजदाराला सांगितलं. सेट होता.

यंत्र कुठून विकत आणलेलं नव्हतं. घराच्या खालच्या मजल्यावर अप्पांचाच कारखाना होता, तिथंच ते बनलं होतं. थोरला मुलगा यंत्रं विकायचा, धाकटा ती जोडायचा आणि थोरल्याची बायको त्यांच्यातला प्रोग्राम लिहायची. फौजदारानं हे ऐकून घेतलं आणि मामला चटकन सोपा केला. यंत्रानं मारलं, यंत्राला अक्कल सुनेनं दिली, म्हणजे सुनेनं मारलं. यंत्रावर त्यानं चादर टाकून सील ठोकलं. "संध्याकाळी यांना घेऊन जातो," तो म्हणाला, "तोवर आवरून ठेवा." जणू इस्त्रीचे कपडे न्यायचे होते.

सुनेनं वकिलाला फोन केला नाही. मावशीला केला.

मावशी ही तिच्या आईची धाकटी बहीण. लिफ्ट तपासायच्या खात्यातून निवृत्त झालेली. उभ्या नोकरीत तिनं इतक्या लिफ्ट बंद पाडल्या होत्या, की गुडघ्याचे डॉक्टर तिला रस्त्यात थांबवून तब्येत विचारायचे. भाचीशी मात्र ती कित्येक वर्षं बोलत नव्हती. बहीण हॉस्पिटलात वारली, त्या वेळी भाची पोचली ती सगळं आटोपल्यावर. मावशीनं तेव्हाच तोंड फिरवलं होतं.

आज ती आली. भाचीला तिनं खालपासून वरपर्यंत बघितलं.

"तू केलंयस?"

"नाही गं, मावशी."

"मग डोळे पूस आणि यंत्र दाखव."

२

कारखान्यातल्या टेबलावर भाचीनं अप्पांचं यंत्र उघडलं. शेजारी तसंच एक कोरं यंत्र ठेवलं. सील फौजदारासमोर निघालं. तो खुर्ची ओढून असा बसला, जणू आता पडदा वर जाणार होता.

"यात चार प्रोसेसर आहेत. आम्ही डोकी म्हणतो," भाची सांगू लागली. "एक हवा सोडतं, एक वीज सांभाळतं, एक पडदा चालवतं. चौथा त्यांचा मुकादम."

"आणि हे टिकलीएवढं?" मावशीनं कोपऱ्यातल्या एका काळ्या चिपवर बोट ठेवलं.

"तो वॉचडॉग. आमचा कुत्रा. त्याला सारखं बिस्किट लागतं. तिन्ही डोकी मुकादमाला हजेरी देत राहतात. तिन्ही हजर असतील तरच मुकादम कुत्र्याला बिस्किट टाकतो. एक जरी डोकं गोठलं तरी बिस्किट नाही, आणि मग कुत्रा चौघांनाही चावतो."

"म्हणजे काय करतो?"

"सगळ्यांना बंद करून पुन्हा उठवतो. यंत्र एकदा चिवचिवतं आणि हवा परत सुरू. पेशंटला पत्ताही लागत नाही."

"चावतो कुत्रा आणि ओरडते चिमणी?"

"आवाज भाऊजींनी निवडलाय. बॅटरी उतरली तरी हाच."

धाकटा मागे उभा होता. त्यानं कौतुक झाल्यासारखी मान हलवली.

"आधी नवं यंत्र," मावशी म्हणाली. "हवेचं डोकं गोठव."

भाचीनं चाचणीची कळ दाबली. पंप थांबला, लगेच चिवचिव झाली, पंप पुन्हा फुसफुसू लागला. विजेचं डोकं गोठवलं, चिवचिव. पडद्याचं गोठवलं, चिवचिव.

"आता हे."

अप्पांच्या यंत्रातलं हवेचं डोकं गोठवलं. पंप थांबला. सगळे चिवचिवीची वाट बघू लागले. फौजदारानं नकळत स्वतःचा श्वास रोखून धरला होता. शेवटी तो श्वासच आधी सुटला. यंत्र गप्पच होतं. चेहरा हसत होता.

भाचीनं लॅपटॉप जोडला, आतला प्रोग्राम बघितला आणि हळूच म्हणाली, "हा माझा नाही. यात हवेच्या नावानं पडद्याचं डोकंच हजेरी देतंय."

"आमच्या चौकीत पण..." फौजदार उत्साहानं म्हणाला आणि गप्प बसला.

"म्हणजे हवा मेली तरी कुत्र्याला बिस्किट चालूच," मावशी म्हणाली. "साहेब, ही चूक नाही. बाकीची यंत्रं धड आहेत. कोणीतरी वर जाऊन, या एकाच यंत्राला वायर लावून, हा प्रोग्राम भरलाय."

"खून!" फौजदाराचा चेहराही हिरवा झाला. "मग तर सूनबाईच. दुसऱ्या कोणाला जमणार?"

"भाऊजींनाही जमतं. कारखान्यातले सगळे प्रोग्राम यंत्रात तेच भरतात," भाची म्हणाली. "पण कोणीच करू शकत नाही, साहेब. त्या दुपारी आम्ही तिघंही इथं आपापल्या जागेवर होतो. भोंगा वाजला नाही ना."

"कुठला भोंगा?" मावशीनं विचारलं.

तेवढ्यात कुठंतरी बझर वाजला, आणि थोरला, धाकटा, भाची तिघंही बोलणं अर्धवट टाकून पळाले.

३

अप्पांचा माणसांवर विश्वास नव्हता. कुत्र्याची युक्ती त्यांना इतकी आवडली होती, की त्यांनी ती घरच्यांनाही लावली होती.

तिघांची तीन टेबलं, मध्ये प्लायवूडच्या उंच भिंती. एकमेकांची तोंडं दिसली की माणसं बोलतात, असं अप्पांचं मत. प्रत्येक टेबलावर एक पांढरं बटण आणि वर एक लाल दिवा. मधूनमधून बझर वाजायचा. वाजला की तिन्ही दिवे पेटायचे, आणि तिघांनी आपापलं बटण दाबून आपला दिवा विझवायचा. एकानं जरी दाबलं नाही, तरी छपरावरचा भोंगा अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा कोकलणार आणि वरून अप्पा काठी घेऊन उतरणार. भोंगा गप्प म्हणजे सगळे हजर. मग अप्पा कानात कापूस घालून, गोळी घेऊन, झोपेत श्वास अडायचा म्हणून श्वासयंत्र लावून, निवांत झोपायचे.

"घराण्याची शिस्त आहे, मावशी," थोरला म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता. बापानं काठीनं शिकवलेला.

"ते गेले तरी दाबताय?"

"बंद कसं करायचं ते अप्पांनी सांगितलं नव्हतं."

"शेवटचा कधी वाजला होता तो?"

दोघा भावांनी एकमेकांकडे बघितलं. "वाजूच देत नाही आम्ही," धाकटा म्हणाला.

मावशीनं चष्मा पुसला. "मी लिफ्टमध्ये शिरले की आधी धोक्याची घंटा दाबायची. लोक म्हणायचे, बाई, कधी गरजच पडली नाही हिची. न वाजणारी घंटा शहाणी आहे की मेलेली, ते बघून कळत नाही. चला, सगळे अंगणात."

"पण पुढचा बझर..."

"वाजू दे."

सगळे अंगणात उभे राहिले.  थोरल्यानं दोनदा आत जायचा प्रयत्न केला, मावशीनं त्याला कॉलर धरून मागे घेतलं. "अप्पा येतील," तो पुटपुटला. अप्पा तेव्हा शवागारात होते.

आत बझर वाजला. तिघांनीही खांदे आक्रसून कानांवर हात ठेवले.

रस्त्यावरून एक सायकल गेली. भोंगा वाजलाच नाही.

४

आत जाऊन मावशी सरळ टेबलांखाली वाकली. गाडीची काच पुसणाऱ्या वायपरची एक मोटार तिथं बसवलेली होती. तिला दोन लांब काड्या, काड्यांना पुढे रबराची बोटं. एक बोट थोरल्याच्या बटणावर, एक धाकट्याच्या. बझर वाजला की दोन्ही बोटं आपोआप खाली.

"हे काय?" थोरला ओरडला. "तू म्हणालास, फक्त माझ्यासाठी बनवलंय!"

"तुझ्यासाठीच बनवलं होतं, दादा. एक काडी उरली."

"म्हणजे मी नसताना तूही नसायचास?"

"मला वाटायचं, तू निदान वहिनीला सोबत असशील."

"कुठं जायचात दोघं?" मावशीनं विचारलं.

थोरला गाडीत झोपायला जायचा. धाकटा समोरच्या सलूनमध्ये.

"रोज दाढी?"

"नाही. तिथली खुर्ची गोल फिरते."

फौजदारानं हे गंभीरपणे ऐकून घेतलं. त्याचं लक्ष मात्र तिसऱ्या टेबलाकडे होतं. भाचीच्या बटणाला काडी नव्हती. ते कोणी दाबलेलं नव्हतं. वरचा लाल दिवा पेटलेला होता. म्हणजे भोंगा वाजायलाच हवा होता.

मावशीनं शिडी मागवली. या वयात ती छपरावर चढली, आणि शिडी धरायला म्हणून उभा राहिलेला फौजदार डोळे मिटून उभा राहिला. वरून तिचा आवाज आला. "तार कापलीय. कात्रीनं. बऱ्याच काळापूर्वीची आहे, टोकं काळी पडलीत. आणि भोंग्यात कबुतरानं घर केलंय."

थोरला मान वर करून भोंग्याकडे बघत राहिला. इतकी वर्षं तो एका कबुतराला घाबरून होता.

"मावशी," भाची खालून म्हणाली, "मला तर काडीही नाही. मला काय माहीत भोंगा मेलाय? मी भीतीनं जागेवरून उठलेच नाही. उठले असते तर वाजेल, असंच धरून चालले होते."

मावशी शिडीवरून उतरली. खूप दिवसांनी तिनं भाचीच्या डोक्यावर हात ठेवला. काड्या दोघा भावांना होत्या. काडी असलेला माणूस निर्धास्त उठतो. काडी नसलेला उठत नाही. भाची सुटली होती.

"मग या दोघांतला एक," फौजदार म्हणाला. "कुठला नेऊ?"

"थांबा. विहीणबाईंना विचारून येते, त्या दुपारी वर कोण आलं होतं."

५

भाचीच्या सासूबाई अप्पांच्या खोलीत चादरी बदलत होत्या. पलंगाच्या पायथ्याशी एक बुटकं स्टूल होतं, त्याखाली तेलाची बाटली.

"वर कोण येतंय, विहीणबाई?" त्या म्हणाल्या. "थोरल्याला आजारी माणसाची किळस. त्याला तुमचं ते वायर-बियर काही कळत नाही. फोनची रिंग बदलायची तर भावाकडे पळतो. धाकटा यायचा अधूनमधून, बॅटरी बदलायला. हे यंत्र सारखं चिवचिवायचं ना. तो म्हणायचा, बॅटरी उतरलीय. तीन बदलल्या. चौथी ती बघा, कपाटावर, परवाच ठेवून गेलाय."

मावशीनं कपाटावर बघितलं. बॅटरीचा खोका अजून उघडलेला नव्हता.

"रोज चिवचिवायचं?"

"दुपारभर! यंत्र उशाशीच, कापसातूनही ऐकू जायचं. हे दचकून उठायचे आणि ओरडायचे, त्या चिमणीचा गळा दाबा रे कोणीतरी." सासूबाईंनी उशीला थापट्या मारल्या. "त्या दिवशी मात्र एकदाच झालं, जेवण झाल्या झाल्या. ह्यांनी एक शिवी घातली. पुन्हा काही नाही. मी पलीकडे पाठ टेकली होती. म्हटलं, चला, आज सुनेच्या हाताला गुण आला."

मावशीचा हात चष्म्यापाशी थांबला. "सुनेच्या?"

"पाय चेपायला यायची ना रोज दुपारी. ह्यांचे डोळे मिटलेले, ह्यांना वाटायचं मीच चेपतेय. गुणाची पोर. ती आली की तेवढीच मला विश्रांती."

"आणि ती उठली म्हणून खाली भोंगा वाजला असता तर?"

"तो? अहो, त्याची तार मीच कापली. माझ्या डोक्यात कळा जायच्या. ह्यांच्या कानात बोळे, ह्यांना काय कळतंय." त्या हसल्या. "सुनेलाही सांगितलं मी मागे. म्हटलं, बैस गं निवांत, तो मेलाय केव्हाचाच. तर काय सांगू, ढसाढसा रडायलाच लागली. सारखी एकच विचारत होती, कधी कापली, कधी कापली. म्हटलं, तुझी आई जायच्या जरा आधी. तर इथंच, या स्टुलावर, बसून राहिली. तारेसाठी कोणी रडतं का, विहीणबाई?"

६

भाची आपल्या टेबलाशी बसली होती. मावशी समोर बसली. प्लायवूडमुळे दोघी कोणाला दिसत नव्हत्या.

"धाकट्यानं केलं नाही," मावशी म्हणाली. "त्याला खरंच वाटायचं की बॅटरी उतरलीय. ही चिवचिव बॅटरीची नाही, पंप थांबून पुन्हा सुरू झाल्याची आहे, हे ज्याला ठाऊक आहे तो बॅटऱ्या आणत बसत नाही. ते कळायला छातीकडे बघत बसावं लागतं. रोज, पायाशी बसून. छाती थांबायची, मग चिमणी ओरडायची, मग छाती हलायची. तुला दिसलं. हवेचं डोकं गोठतंय हे तुला कळलं, आणि तू ते दुरुस्त केलं नाहीस, नवा प्रोग्राम भरून कुत्र्यालाच फसवलंस."

भाचीनं खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"काडी नसून उठायचीस, म्हणजे भोंगा मेलाय हे तुला माहीत होतं. मला म्हणालीस, माहीत नाही. माझ्याशी खोटं कशाला बोललीस? मीच शोधावं म्हणून बोलावलंस ना?"

"तू यंत्र तपासशील, धाकट्यापर्यंत पोचशील आणि थांबशील, असं वाटलं होतं," भाची म्हणाली. "भोंग्यावर चढशील असं वाटलं नव्हतं."

"किती वेळ बसली होतीस वर?"

"संपेपर्यंत."

"पाय चेपत?"

"थांबले असते तर जाग आली असती त्यांना." ती टेबलावरच्या बटणाकडे बघत होती. "त्यांनी रोज सांगितलं, चिमणीचा गळा दाबा. मी दाबला. या घरात सांगितलेलं कोणी कधी करत नाही."

पलीकडे फौजदार कोणालातरी फोनवर सांगत होता, की गाडीत दोन माणसं बसतील एवढी जागा ठेवा, अजून नक्की नाही.

"आई गेली त्या दिवशी मी उठले होते, मावशी. पर्स हातात होती. अप्पा जिन्यात उभे होते. म्हणाले, तू उठलीस की भोंगा वाजणार, आणि भोंगा वाजला की या दारात परत उभी राहायचं नाही. मी बसले. बझर वाजेल तसं दाबत राहिले. तू फोन करत होतीस, तो या टेबलावर थरथरत फिरत होता. मी एका हातानं तो धरून ठेवला आणि दुसऱ्या हातानं दाबत राहिले." ती पहिल्यांदाच मावशीकडे बघून बोलली. "कबुतराला घाबरून. माझी आई गेली आणि मी कबुतराला हजेरी देत होते."

मावशीनं चष्मा काढून हातात धरला. मग म्हणाली, "तुझ्या आईनं विचारलं होतं, आली का गं पोर? मी म्हटलं, आलीय, लिफ्टमध्ये आहे. ती दाराकडे बघत बघत गेली. तिला बरं वाटलं. मला नाही."

प्लायवूडच्या कडेनं फौजदाराचं डोकं आत आलं. "काय ठरलं, मावशी? धाकटाच ना? एवढंच सांगा, सूनबाई या जागेवर होत्या ना त्या दुपारी?"

भाचीनं टेबलाखालून मावशीचा हात पकडला. बोटं गार होती, तेलानं अजून मऊ होती. "मावशी," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली, "एक शब्द. फक्त एक."

मावशीनं तो हात थोडा वेळ आपल्या हातात राहू दिला. मग बोटं एकेक करून सोडवली.

"तुझ्या नावानं मी एकदा हजेरी लावलीय, बाळ," ती म्हणाली. "जिच्याजवळ लावली, ती आता नाही."

आणि फौजदाराकडे वळून म्हणाली, "नव्हती."

७

भाची गाडीत बसली तेव्हा थोरला फाटकापर्यंत गेला. काय बोलावं ते न सुचून त्यानं विचारलं, "प्रोग्रामचा पासवर्ड काय आहे?" तिनं सांगितला. तो तिच्या आईचा वाढदिवस होता, पण थोरल्याला ते माहीत नव्हतं. त्यानं पुन्हा विचारून नीट पाठ केला.

वरच्या खिडकीतून सासूबाईंनी हाक मारली. "अगं, जाताना तेवढ्या कपबशा विसळून जा! दुसऱ्या कोणाच्या हातात मी सेट देत नाही!"

गाडी निघाली. धाकटा म्हणाला, "चिमणीऐवजी दुसरा आवाज टाकायला हवा होता." 

तेवढ्यात आत बझर वाजला.

भोंगा मेलाय हे आता सगळ्यांना माहीत होतं. अप्पा मेलेत हेही माहीत होतं. तरी थोरला पळाला. त्याच्या मागे धाकटा पळाला. काड्या मावशीनं काढून टाकल्या होत्या, म्हणून दोघांनी आपापल्या बोटांनी बटणं दाबली आणि हुश्श करून बसले.

तिसऱ्या टेबलावरचा लाल दिवा पेटलेला होता.

मावशी त्या टेबलाशी गेली. खुर्ची अजून भाचीच्या बेतानं ओढलेली होती. तिनं बटणावर बोट ठेवलं. पांढरा रंग मधोमध घासून निघाला होता, बोटाच्या पेराएवढा खळगा पडला होता. तिचं बोट त्यात अगदी नीट बसलं.

तिनं दाबलं नाही.

दिवा लालच राहिला. वर छपरावर, भोंग्यात, कबुतर घुमलं.